बर्फातल्या खुर्चीचा दाखला

बॉस्टनमध्ये मोठा बर्फ पडून गेला की दुसऱ्या दिवशी घराघरातली अडगळ रस्त्यावर येऊन बसते. पाय मोडलेल्या खुर्च्या, दुधाचे क्रेट, इस्त्रीचं टेबल, केशरी शंकू, बाळाचा जुना पाळणा. व्हिडिओ कॉलवर नगरला आईला ही रांग दाखवली तेव्हा ती म्हणाली, "अगं, भंगारवाला यायचाय का आज?"

भंगार नव्हे, त्या राखून ठेवलेल्या जागा आहेत. ज्याने सकाळी खपून आपली गाडी बर्फातून उकरून काढली, तो कामावर जाताना मोकळ्या झालेल्या जागेत खुर्ची ठेवून जातो. संध्याकाळी परत येईपर्यंत ती जागा त्याची. रस्ता महापालिकेचा, बर्फ आभाळाचा, पण घाम माझा, तेव्हा जागाही माझी, असा हा हिशोब. मी राहते त्या डॉर्चेस्टर भागात तो फार कडक पाळतात. दुसऱ्याची खुर्ची सारून गाडी लावणाऱ्याला सकाळी टायर बसलेला सापडू शकतो, आणि त्याची कीव करायला गल्लीत कोणी पुढे येत नाही. महापालिकेने मधला मार्ग काढलाय: बर्फाची आणीबाणी उठल्यापासून 48 तास खुर्ची चालेल, मग कचऱ्याची गाडी ती उचलून नेईल. साउथ एंडच्या रहिवाशांना मात्र ही प्रथाच नको होती. तिथे खुर्ची ठेवता येत नाही.

2014-15 च्या हिवाळ्यात इथल्या लोगन विमानतळावर 110.6 इंच बर्फ मोजला गेला, म्हणजे सव्वानऊ फूट. शहराने उचलून बंदराकडे रचलेल्या बर्फाचा शेवटचा ढीग वितळला तो थेट 14 जुलैला. त्या हिवाळ्यात खुर्च्यांवरून शेजारी शेजाऱ्यांशी बोलायचे थांबले. आणि त्याच हिवाळ्यात मला त्या खुर्च्यांत मत्तयाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय दिसायला लागला, द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा.

त्याबद्दल लिहिण्याआधी एक तक्रार मांडते. रोजच्या जिन्नसांतून बोध काढायची आम्हा ख्रिस्ती लोकांना खोडच आहे. मोबाइलची बॅटरी उतरली, की आत्म्याची बॅटरी आठवते. सिग्नल लाल झाला, की देवाची वेळ. यात वस्तूकडे कोणी बघतच नाही. निष्कर्ष आधी ठरलेला असतो आणि मग त्याला टांगायला खुंटी शोधतात. आमच्या इथल्या मंडळीत दर जानेवारीत मिठावर उपदेश होतो. पायऱ्यांवर मीठ टाकायचे दिवस असतात, आणि डोंगरावरच्या प्रवचनात मीठ आहेच. पाळकांचं काम सोपं होतं. पण त्या मिठाची खरी गंमत उपदेशात कधी येत नाही. चेल्सीच्या धक्क्यावर या मिठाचे डोंगर रचलेले असतात, समुद्रापलीकडून जहाजाने आलेले. शास्त्रातलं खारटपणा गेलेलं मीठ लोकांच्या पायांखाली तुडवलं जातं, ती त्याची शिक्षा. इथे पायांखाली पडणं हेच मिठाचं काम, त्याच्या जिवावर म्हातारी माणसं न घसरता बसथांब्यापर्यंत जातात. आणि पारा उणे नऊ-दहाच्या बराच खाली गेला की खारटपणा शाबूत असूनही साधं मीठ हात टेकतं, मग कॅल्शियम क्लोराइडची पिशवी आणावी लागते. यातून काय बोध घ्यायचा तो पाळकांनी सांगावा. मी वाट बघतेय.

लक्ष्मीबाई टिळकांचं मला म्हणूनच अप्रूप वाटतं. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, बाईंचा त्यानंतर पाच वर्षांनी. मधल्या काळात त्यांचं सोवळं नवऱ्याच्या कुठल्याही उपदेशाने सुटलं नाही. ते सुटलं एकटीने बसून विचार करताना, आणि त्यानंतर त्यांनी परक्या हातचं पाणी घेतलं. 'स्मृतिचित्रे'त ही हकिकत त्या इतक्या साधेपणाने सांगतात की तिचा बोध वेगळा काढून दाखवायची कोणाची हिंमत होऊ नये. पाणी हे तिथे पाणीच आहे, कशाचं प्रतीक नाही.

येशूचे दाखलेही असेच वागतात. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे नाक्यावर जाऊन मजूर आणतो, दिवसाची मजुरी ठरवतो. पुन्हा नऊला जातो, बाराला जातो, तीनला जातो. दिवस मावळायला तासभर उरलेला असताना पाचला जातो, तेव्हाही काही जण उभेच असतात, कोणी कामाला लावलं नाही म्हणून. संध्याकाळी सगळ्यांना मजुरी सारखीच, आणि वाटप शेवटून सुरू, म्हणजे पहाटे आलेल्यांना ते उभं राहून बघावं लागतं. ते चिडतात. चिडतीलच.

नगरला हा दाखला समजावून सांगावा लागत नसे. शाळेच्या वाटेवर नाक्यावर डबा आणि थापी घेऊन उभी असलेली माणसं रोज दिसायची. दहापर्यंत ज्याला कोणी नेलं नाही तो तसाच घरी परतायचा. माझी आजी 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली. तिला तो मालक शहाणा वाटायचा. शेवटच्या मजुराच्या घरीही खाणारी तोंडं तेवढीच, असं ती म्हणे. वडील सरकारी कचेरीत होते, त्यांना त्यात ढळढळीत अन्याय दिसायचा, आणि उपासना संपवून देवळातून घरी येताना मायलेकांची यावर जुंपायची. मी वडिलांच्या बाजूची होते. खुर्ची ठेवणारे बॉस्टनकर म्हणजे माझ्या वडिलांचाच पक्ष.

जिथे मी हा दाखला पाठ केला ती शब्बाथशाळा बॉस्टनच्या ऋणात आहे, ही या शहराशी माझी जुनी ओळख. 1810 मध्ये न्यू इंग्लंडमधल्या काँग्रिगेशनल मंडळींनी अमेरिकन बोर्ड हे मिशनरी मंडळ काढलं, त्याचं ठाणं बॉस्टनला. 1812 च्या फेब्रुवारीत इथून तासाभरावरच्या सेलममध्ये, टॅबरनॅकल चर्चमध्ये, पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा दिली गेली. त्यांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट वर्षभराने मुंबईला उतरले. 1831 मध्ये मिशन नगरला आलं, 1842 मध्ये तिथून 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघालं. न्यू हॅम्पशायरच्या सिंथिया फरार 1827 मध्ये मुंबईला आल्या, पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवत राहिल्या आणि 1862 मध्ये नगरलाच वारल्या. नाताळात आम्ही सुरूच्या फांदीवर कापूस चिकटवून बर्फ करायचो. ज्या मुलखातून आमचा धर्म आला तिथल्या प्युरिटन सरकारने 1659 मध्ये नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठरवला होता आणि तो कायदा 1681 पर्यंत टिकला, हे मात्र आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. बर्फातून आलेल्या माणसांनी दुष्काळी मुलखात द्राक्षमळ्याची गोष्ट सांगितली, आणि तिचा अर्थ लावायला मला पुन्हा बर्फात यावं लागलं.

तो अर्थ लावून दिला आमच्या खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी, आणि त्यांना याचा पत्ताही नाही.

डॉर्चेस्टरमधली आमची घरं तीन मजली, लाकडी, प्रत्येक मजल्यावर एक बिऱ्हाड. खाली हे गृहस्थ, मध्ये आम्ही, वर एक नव्वदीच्या आजी. गृहस्थ सत्तरीचे, आयरिश वंशाचे, निवृत्त प्लंबर. लहानपणी मिस्सेला वेदीसेवक होते. 2002 मध्ये 'बॉस्टन ग्लोब'ने धर्मगुरूंनी केलेलं मुलांचं लैंगिक शोषण आणि त्यावर घातलेलं पांघरूण उघड केलं. त्या डिसेंबरात बॉस्टनचे आर्चबिशप कार्डिनल लॉ यांना पद सोडावं लागलं. तेव्हापासून आमच्या शेजाऱ्यांनी चर्चची पायरी चढलेली नाही, लग्नाला नाही आणि मयतालाही नाही. देवाचं नाव ते घेतात, पण फक्त शिवी देताना.

गल्लीतली सगळ्यात वजनदार खुर्ची त्यांची. लोखंडी, स्वयंपाकघरातली, पाठीवर पट्टीने घराचा नंबर चिकटवलेला.

वरच्या आजींना सांभाळायला रात्रपाळीहून थेट एक हैतीची बाई येते. रात्री एका वृद्धाश्रमात, सकाळी आमच्याकडे. एरवी बसने येते. एका वादळानंतर बस बंद होत्या, म्हणून बहिणीची गाडी मागून आणली आणि गल्लीला तीन फेऱ्या मारून ती शेवटी त्या लोखंडी खुर्चीसमोर थांबली. खिडकी उघडून शेजाऱ्यांनी जे काही सुनावलं ते इथे छापता येणार नाही. ती जागा आपण चार तास खपून केलीय आणि ती कोणाच्या बापाची नाही, हा त्याचा सोज्ज्वळ सारांश. बाई काही बोलली नाही. काच वर केली आणि गाडी मागे घ्यायला लागली. मग खालचं दार उघडलं. हे गृहस्थ सपातांवर बाहेर आले, तोंडाचा पट्टा चालूच, खुर्ची उचलून पायऱ्यांवर आदळली आणि हाताने तिला आत यायच्या खुणा करू लागले. डावीकडे घे, अजून घे, थांब. मग आपली गाडी त्यांनी तीन गल्ल्या पलीकडे नेऊन लावली आणि चालत परत आले, शिव्या देत.

मत्तयाच्या एकविसाव्या अध्यायात एक लहानसा दाखला आहे, उपदेशात फारसा न येणारा. बापाने दोन मुलांना मळ्यात काम करायला सांगितलं. एक म्हणाला जात नाही, आणि मागून गेला. दुसरा अदबीने हो म्हणाला आणि गेलाच नाही. बापाचं म्हणणं कोणी ऐकलं, असं येशू मंदिरातल्या मुख्य याजकांना विचारतो. त्यांना उत्तर द्यावं लागतं, आणि ते उत्तर त्यांच्याच अंगावर येतं. 2002 नंतरच्या बॉस्टनमध्ये हा दाखला ऐकायला धीर लागतो. वेदीवरून हो म्हणणारे कोण होते आणि काय करत होते, हे शहराला ठाऊक आहे. आमच्या शेजाऱ्यांचं "जात नाही" खिडकीतून अख्ख्या गल्लीने ऐकलं, आणि सपातांवर बाहेर आलेलेही तेच.

मी त्यांना हा दाखला एकदा सांगून पाहिला. पूर्ण ऐकून घेतला. म्हणाले, "छान आहे. आता मला चर्चला नेऊ नकोस." त्यानंतर बर्फ पडला की ते जागा साफ करतात, खुर्ची ठेवतात आणि सकाळी सातच्या सुमाराला खिडकीत येऊन बसतात. बाईची गाडी दिसली की खाली उतरतात. कुरकुर अजून तेवढीच आहे. पहाटेपासून राबलेल्या मजुराने पाचला आलेल्याला स्वतःच्या हाताने मजुरी दिली, तर त्याने कुरकुर करू नये असं मी तरी म्हणणार नाही. माझे वडील असते तर त्यांनाही हा तोडगा पटला असता. आजीला तर नक्कीच.

त्या 48 तासांबद्दलही माझं मत आता बदललंय. आधी तो मला राजकारण्यांचा पळपुटेपणा वाटायचा, ना खुर्चीवाल्यांना दुखवायचं, ना बाकीच्यांना. पण निर्गमाच्या सोळाव्या अध्यायातला मान्ना बघा. तोही जमिनीवर हिमासारखा बारीक पडायचा, ज्याला लागेल तेवढा त्याने गोळा करायचा, आणि उद्यासाठी साठवला की त्यात किडे व्हायचे. शब्बाथाच्या आदल्या दिवसाला तेवढी सूट. कष्टाचं फळ तुझं, पण कायमचं नाही, हे महापालिकेला कचऱ्याच्या गाडीकडून बजावून घ्यावं लागतं. बर्फ वितळून गेल्यावरही मार्चअखेरपर्यंत खुर्ची तशीच ठेवणारे लोक आहेत. त्यांच्याबद्दल माझ्या मनात काडीची सहानुभूती नाही.

आणि एक गोष्ट खुर्चीच्या भांडणात नेहमी मागे पडते. बॉस्टनच्या नियमाप्रमाणे बर्फ थांबल्यापासून तीन तासांत, रात्री थांबला तर सूर्योदयापासून तीन तासांत, घरमालकाने आपल्या समोरचा फुटपाथ मोकळा करायचा असतो. वाट निदान 42 इंच रुंद हवी, म्हणजे चाकांची खुर्ची आणि बाबागाडी जाऊ शकेल एवढी. काढलेला बर्फ रस्त्यावर ढकलायचा नाही. या वाटेवर कोणाला हक्क सांगता येत नाही. तिच्यावरून जाणारी माणसं बहुतेक अनोळखी असतात, आणि वाट केल्याबद्दल कोणी आभार मानायला थांबत नाही. गाडी उकरण्यात दमलेले लोक ही वाट उद्यावर टाकतात, आणि उद्या तिचा टिकावानेही न फुटणारा बर्फ झालेला असतो.

या हिवाळ्यात तुमच्यापैकी कोणी पुण्याहून, नाशिकहून, नगरहून इकडे राहायला येणार असेल, तर फावडं ऑक्टोबरातच घेऊन ठेवा. वादळाच्या आदल्या दिवशी दुकानात एक उरत नाही. आणि पहिला बर्फ पडला की आधी फुटपाथ करा. गाडी नंतर निघेल.