बाळ मान वळवतं तेव्हा

"एवढ्याशा जिवाला काय कळतंय!" हे बारशाच्या घरात हमखास ऐकू येतं, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक शास्त्रज्ञांचंही मत याहून फार वेगळं नव्हतं. अडचण खरीच होती. ज्याला बोलता येत नाही, बोटही दाखवता येत नाही, त्याला काय आठवतंय हे विचारायचं कसं? बालविकासाचं मानसशास्त्र शिकवताना मी निष्कर्ष बाजूला ठेवून आधी हा प्रश्न वर्गापुढे टाकते, कारण आमच्या शास्त्राची खरी प्रतिभा मला या प्रश्नाच्या उत्तरांतच दिसते.

पहिलं मोठं उत्तर अमेरिकेत क्लीव्हलँडला रॉबर्ट फँट्झ यांनी दिलं. बाळापुढे दोन चित्रं ठेवायची आणि त्याची नजर कुठे किती वेळ टिकते ते मोजायचं. १९६४मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी एक चित्र तेच ठेवलं आणि दुसरं दर वेळी बदललं. दोन महिन्यांपुढची बाळं हळूहळू जुन्या चित्राकडे कमी पाहू लागली. मला यातला विचार फार सुंदर वाटतो. एखादी गोष्ट आधी पाहिली आहे याची काहीतरी नोंद मनात असल्याशिवाय तिचा कंटाळा येऊच शकत नाही. बाळानं खुळखुळ्यावरून मान फिरवली की आई हिरमुसते. पण ते मान फिरवणं म्हणजेच ओळख पटल्याची खूण असू शकते. पुढे १९७३मध्ये जोसेफ फेगन यांनी दाखवलं की पाच-सहा महिन्यांची बाळं थोडाच वेळ पाहिलेला चेहऱ्याचा फोटो दोन आठवड्यांनीही ओळखतात.

पण ओळखणं वेगळं आणि आठवून काही करणं वेगळं. इथे कॅरोलिन रोव्ही-कोलियर यांचं काम येतं, आणि माझा जीव या कामावर आहे. त्यांचा लहानगा मुलगा सारखा रडायचा. पाळण्यावर टांगलेलं खेळणं हललं की तो शांत व्हायचा. त्यांनी एक फीत त्याच्या पायाला आणि खेळण्याला बांधली. पाय झाडला की खेळणं हलायचं. आपल्याकडच्या पाळण्यावरचं चिमणाळं वारा किंवा आजी हलवते, इथे ते बाळच हलवत होतं. त्यातूनच १९६९चा शोधनिबंध आणि नंतर अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठातलं अनेक वर्षांचं संशोधन उभं राहिलं.

प्रयोग बाळाच्या घरीच व्हायचे. आधी फीत खेळण्याला न जोडता बाळ एरवी किती लाथा मारतं ते मोजायचं. मग फीत जोडायची. काही मिनिटांत बाळाला गंमत उमगते आणि लाथा वाढतात. काही दिवसांनी तेच खेळणं पुन्हा टांगायचं, पण फीत सुटी ठेवायची. तरीही बाळ जोरात पाय झाडू लागलं, तर त्याला आठवतंय. दोन महिन्यांच्या बाळाची ही आठवण एक-दोन दिवस टिकते, तीन महिन्यांच्या बाळाची आठवडाभर, सहा महिन्यांच्या बाळाची दोन आठवडे.

ही आठवण विलक्षण काटेकोर असते. एका दिवसानंतर खेळण्यातल्या पाच वस्तूंपैकी एकीहून जास्त बदलल्या, तर तीन महिन्यांचं बाळ ते आपलं मानत नाही. आणखी काही दिवस गेले की तपशील पुसट होतात आणि वेगळ्या खेळण्यालाही ते पाय झाडतं.

आणि विसरलेलं? १९८०मध्ये रोव्ही-कोलियर आणि सहकाऱ्यांनी विसरून गेलेल्या तीन महिन्यांच्या बाळांना ते खेळणं फक्त तीन मिनिटं हलताना दाखवलं. या वेळी दोरी संशोधक ओढत होते. दुसऱ्या दिवशी चाचणी घेतली, तर आठवण परत आली होती! म्हणजे ती पुसली गेलेली नव्हती, नुसती हाती लागत नव्हती. मोठेपणी आपल्याला पाळण्यातलं काहीच का आठवत नाही, या कोड्याकडेही आता असंच पाहिलं जातं. २०२५मध्ये येल विद्यापीठाच्या गटानं जागी बाळं एमआरआय यंत्रात ठेवून त्यांना चित्रं दाखवली. एखादं चित्र पहिल्यांदा दिसताना मेंदूतल्या, आठवणींशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागाची सक्रियता जितकी जास्त, तितकं ते चित्र नंतर बाळ जास्त वेळ न्याहाळत होतं. म्हणजे इथे कंटाळा नव्हे, तर ओळखीच्या चित्रावर रेंगाळणारी नजर ही आठवणीची खूण होती. वर्षाच्या पुढच्या बाळांत हे ठळक होतं. नोंद होते; ती पुढे सापडत का नाही, हा आजचा प्रश्न आहे.

हे सगळं ऐकून पालक मला बाळाला दाखवायच्या काळ्यापांढऱ्या चित्रांच्या कार्डांविषयी विचारतात. माझं मत स्पष्ट आहे: तुमचा चेहरा पुरेसा आहे, फक्त तो हातभर अंतराच्या आत असू द्या. त्याहून मोलाची गोष्ट बाळाला नीट दिसतंय की नाही ही. कॅनडातल्या डॅफ्नी मॉरर यांच्या गटानं जन्मतः दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असलेल्या आणि पहिल्या दोन ते सहा महिन्यांत दृष्टी मिळालेल्या लोकांची तपासणी केली. २००१मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, निदान नऊ वर्षं डोळसपणे जगूनही, डोळे-नाक-तोंड यांमधल्या अंतरांत सूक्ष्म फरक असलेले चेहरे वेगळे ओळखणं त्यांना जड जात होतं. म्हणून तान्ह्या बाळाच्या बाहुलीत पांढुरकं काही दिसलं, फोटोत एकच डोळा पांढरा चमकला, किंवा तीन महिन्यांचं बाळ चेहऱ्यावर नजर स्थिरावत नसलं, तर "होईल मोठेपणी नीट" म्हणून थांबू नका. त्याच आठवड्यात लहान मुलांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.