बेरीज जुळली, पण

पाठांतराच्या दोन रीती आम्हां मुलांना लहानपणींच ठाऊक होत्या. कोणी पाढ्याची एकेक ओळ तीनतीनदां घोकी, कोणी सबंध पाढाच तीनदां म्हणे. शेवटीं पाढा दोघांचाही पाठ होई. म्हणून या दोन रीतींत कांहीं भेद असेल असें मला कधीं वाटलें नाहीं. पन्नाशी उलटल्यावर एका विद्यार्थिनीनें तो मला शिकविला.

वर्गांत ६० मुलें, सत्रांत ३ परीक्षा. आधीं पहिल्या परीक्षेचे साठ गुण हजेरीच्या क्रमानें, मग दुसरीचे, मग तिसरीचे, असे १८० आंकडे मीं संगणकांत भरले. आतां शेजारीं साठ नांवांचीं १८० नांवें करावयाचीं होतीं. पायथन भाषेच्या नमपाय या संचांत यासाठीं दोन आज्ञा आहेत. ‘रिपीट’ म्हटलें कीं अ, आ, इ यांचें अ अ अ, आ आ आ, इ इ इ होतें. ‘टाइल’ म्हटलें कीं गवंड्यानें फरशी बसवावी तशी सबंध ओळच पुन्हां मांडली जाते: अ आ इ, अ आ इ, अ आ इ. ६० ओळी व ३ स्तंभ यांची एक सारणी डोळ्यांपुढें आणावी. तिच्या प्रत्येक ओळींत एकच नांव तीनदां आहे. ती आडवी वाचली कीं रिपीट, उभी वाचली कीं टाइल. मला उभी हवी होती. मीं आडवी घेतली. नांवें १८०, गुण १८०. यंत्रानें हूं कीं चूं केलें नाहीं. वर्गाची बेरीजही बिनचूक जुळली. मीं निर्धास्तपणें यादी फलकावर लावली.

दुसऱ्या दिवशीं १७ व्या क्रमांकाची विद्यार्थिनी आली.

‘‘सर, तिसऱ्या परीक्षेला मी तापानें घरीं होतें. मग मला बारा गुण कसे?’’

‘‘अग, बेरीज मीं स्वतः ताडून पाहिली आहे. तुझ्याच लक्षांत नसेल.’’

‘‘ताप मात्र चांगला लक्षांत आहे, सर,’’ ती हळूच म्हणाली.

रात्रीं ती आज्ञा पुन्हां वाचली. मुलीच्या नांवापुढें ४९, ५० व ५१ या क्रमांकांचे पहिल्या परीक्षेचे गुण बसले होते. तिचें शून्य ४६ व्या क्रमांकाच्या मुलाच्या पदरीं पडलें होतें. आणि सरांनीं दिलें म्हणून तो तें मुकाट्यानें घेऊन गेला होता. मीं एक शब्द बदलला. यादी नीट झाली. बेरीज होती तेवढीच राहिली.

ही शेवटची गोष्ट मला अजून बोंचते. साठ जणांचे गुण एकमेकांच्या नांवावर गेले तरी बेरजेला त्याचा पत्ता नसतो. आणि मी त्या बेरजेच्या भरंवशावर एका खऱ्या बोलणाऱ्या मुलीला खोटें ठरवीत होतों. वर्गांत मीं तिचे आभार मानले व त्या मुलाची क्षमा मागितली.

तेव्हांपासून यादी लावण्यापूर्वीं कोणत्याही एका मुलाचे तिन्ही गुण मी मूळ उत्तरपत्रिकांशीं ताडून पाहतों. बेरीज त्यानंतर.