मागच्या सीटवरचं डोकं

सकाळी मुलुंडहून घाटकोपरकडे एलबीएस मार्गाने निघालात, तर प्रत्येक सिग्नलला शेजारी एक ठरलेली जोडी येऊन थांबते. पुढे हेल्मेट घातलेला नवरा, मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली बायको. तिच्या मांडीवर पर्स आणि डबा, डोक्यावर फार तर ओढणी, तीही धुळीसाठी.

हेल्मेट घालणं ही ज्याची त्याची मर्जी, असं वाद घालताना सगळेच म्हणतात. मला मात्र ही मर्जी घरातच वाटून झालेली दिसते. हँडल ज्याच्या हातात, हेल्मेट त्याच्या डोक्यावर. मागच्यासाठी एकच वाक्य असतं: ‘स्टेशनपर्यंतच तर जायचंय.’

त्या वाक्याला मी हसत नाही. बोरिवलीत ऑक्टोबरच्या उन्हात हेल्मेटखाली केसांचं काय होतं ते केस असलेल्यालाच कळतं. शिवाय ती स्टेशनवर उतरून लोकल पकडणार. ते भोपळ्याएवढं ओझं घेऊन लेडीज डब्यात शिरायचं कसं?

मागच्याला सूट कायद्याने कधीच दिली नव्हती. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ चालवणारा आणि बसणारा दोघांनाही लागू आहे. मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी मागच्यांवर कारवाईचा बडगा उगारला तो ९ जून २०२२ पासून: ५०० रुपये दंड, वर लायसन्स तीन महिने निलंबित. मग पदपथावरच्या टोपीवजा हेल्मेटांना भाव आला. तसलं एखादं उलटं करून आत अंगठा दाबून बघा. पातळ फोम दबतो आणि बोट थेट प्लास्टिकला लागतं. चांगल्या हेल्मेटात तिथे थर्माकोलचा जाड थर असतो. स्वतः चिरडून तो धक्का पोटात घेतो. टोपीत तो नसतोच. ती डोक्यासाठी नव्हे, चलानासाठी घेतलेली असते.

याच कायद्याखालच्या १९८९ च्या नियमांत सरकारने मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून मोटरसायकलचं मागचं चाक निम्मं तरी झाकायला लावलं. तोच आपला साडीगार्ड. पदराची काळजी कंपनीतूनच लोखंडात बसून आली, डोक्याची घरावर सोडली.

जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर २८ जुलै २०१५ रोजी प्रकाश बिल्होरे हा सोळा वर्षांचा मुलगा खड्ड्यामुळे गेला. तो चुलतभावाच्या मोटरसायकलवर मागे बसला होता. त्याचे वडील, मरोळचे भाजीविक्रेते दादाराव, तेव्हापासून शहरातले खड्डे बुजवत फिरू लागले. त्यांची आठवण निघते ती खड्ड्यांसाठी, आणि ते योग्यच आहे. मला मात्र ती मागची जागाही आठवते. चालवणाऱ्याला खड्डा निदान शेवटच्या क्षणी दिसतो, हातात हँडल असतं. मागच्याला समोर दिसते ती पाठ. तोल सावरायला तयार नसलेलं शरीर तिथे बसलेलं असतं.

जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो. पण ते डोक्यावर टिकलं तर. नवऱ्याचं जुनं, सैल हेल्मेट बायकोला दिलं की पट्टा असूनही ते निसटू शकतं. तिच्या ब्लाउजचं माप शिंप्याला पाठ असतं, चपलेचं घरात सगळ्यांना. डोक्याचं कुणी घेतलेलंच नसतं. दुकानात तिनेच जावं, पट्टा आवळून मान जोरात झटकून पाहावी. अंबाडा आड येत असेल तर वेणी घालावी. आणि स्टेशनवर ती उतरली की दुसरं हेल्मेट नवऱ्याने सांभाळावं. डिकी त्याच्याकडे आहे.