एका अंशाचा उतार

चिकलठाण्याच्या एमआयडीसीत डिझायनर म्हटलं की साड्या किंवा सोफे कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाहीत. इथला डिझायनर टूलचा. मोल्ड, डाय, जिग, फिक्श्चर. आम्ही काढलेली वस्तू दुकानात कधीच पोचत नाही. तिच्यातून निघालेल्या वस्तू पोचतात: डब्याचं झाकण, मिक्सरचं बटण, इंडिकेटरची बॉडी. लग्नकार्यात माझी ओळख करून देताना मावशीची पंचाईत होते. ‘कॉम्प्युटरवर कायतरी करतो,’ म्हणून ती मोकळी होते.

मला सगळ्यात आवडतं ते उतार द्यायचं काम. आमच्या भाषेत ड्राफ्ट. प्लास्टिकच्या डब्याच्या भिंती सरळ उभ्या वाटतात, पण नसतात. एखाद्या अंशाने तरी कललेल्या असतात. गरम प्लास्टिक निवताना आकसतं आणि आतल्या पोलादी गाभ्याला घट्ट धरून बसतं. उतार नसेल तर इजेक्टर पिना ढकलून ढकलून डब्याला ओरखडे पाडतात. उतार असला की जरा हललं, सुटलं. तो अंश गिऱ्हाइकाला कधी दिसत नाही, आणि दिसत नाही यातच माझी गंमत आहे.

आकसण्याचंही तसंच. पॉलिप्रॉपिलिन साधारण दीड-दोन टक्के आकसतं, एबीएस अर्ध्या टक्क्याच्या आसपास. म्हणून पॉलिप्रॉपिलिनच्या 100 मिलिमीटरच्या झाकणासाठी 101.5 मिलिमीटरची पोकळी काढायची. शिंपी धुतल्यावर आटणाऱ्या कापडाला माया ठेवतो, तसंच. पहिल्या ट्रायलचं झाकण चांगलं निवू द्यायचं, मग व्हर्नियर लावायचा. माप बरोब्बर शंभर आलं की मी काही बोलत नाही. चहा मात्र माझ्याकडून.

इंडो-जर्मन टूल रूम याच वसाहतीत आहे. तिथून हाताला कानस लागून आलेली पोरं ड्रॉइंग वेगळं काढतात, असं माझं पक्कं मत आहे. नुसत्या स्क्रीनवर वाढलेला डिझायनर खोल खिशाचे आतले कोपरे चाकूसारखे धारदार दाखवतो. कटर गोल फिरतो. तसा कोपरा त्याच्याने निघत नाही, मग त्यासाठी इलेक्ट्रोड करून काम स्पार्क मशीनवर टाकावं लागतं. तिथे तीन मिलिमीटरचा रेडियस चालत असेल तर देऊन टाकावा. रेडियस दिला की त्या दिवशी फिटरमामा तक्रार घेऊन आमच्या टेबलाकडे फिरकत नाहीत. ही त्यांची शाबासकी.

फिक्श्चरमधलं सुख जरा खोडकर. दोन लोकेटिंग पिनांपैकी एक मुद्दाम थोडी सरकवायची. जॉब उलटा बसतच नाही. या युक्तीला पोकायोके म्हणतात. जपानच्या शिगेओ शिंगोंनी 1960च्या दशकात ती रूढ केली. फिक्श्चर नवीन आलं की ऑपरेटर हमखास जॉब उलटा दाबून बघतो. ‘बसंना की ओ!’ म्हणतो. बसूच नये, भाऊ.

नावाचं म्हणाल तर ते ड्रॉइंगच्या खालच्या उजव्या चौकटीत, ‘ड्रॉन बाय’समोर. मोल्ड गेला की कागद कपाटात. याच शहरात बीबी का मकबऱ्याच्या मुख्य दारावर मात्र स्थपती अताउल्ला आणि अभियंता हंसपतराय यांची नावं कोरलेली आहेत. सतराव्या शतकात मालकाने कारागिराला दारावर जागा दिली, याचा मला मनापासून हेवा वाटतो. आमच्या डब्यावर तळाशी एक बारकी तबकडी असते, आत बाण, भोवती बारा आकडे. डबा कुठल्या महिन्यात निघाला तेवढं ती सांगते.

गुलमंडीवर भांड्यांच्या दुकानात गेलो की मी डबे उलटे करून ही तबकडी शोधतो, पार्टिंग लाइनवरून नख फिरवतो, एकात एक घातलेल्या बादल्या ओढून बघतो. ‘काय फुटलंय का साहेब?’ दुकानदार धास्तावून विचारतो. बायको तोवर पुढच्या दुकानात जाऊन उभी राहिलेली असते.