संकासुराला नवस

मैत्रिणींनो, शिमग्याला आम्ही रत्नागिरीहून गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावी जातो. यंदा मुलगाही पुण्याहून आला, तो मित्रांना घेऊनच. आल्याबरोबर सगळे ओटीवर फासे टाकत बसले. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' म्हणे. १९७४ साली अमेरिकेत निघालेला खेळ. एकजण गोष्ट रचतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होऊन बोलतात, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवतो.

त्यात एल्फ नावाचे टोकदार कानांचे, शेकडो वर्षं जगणारे लोक असतात. त्यांचा देव कोरेलॉन, कला नि सौंदर्य देणारा. आमच्या चिरंजीवांनी त्याला पार काळा करून टाकला होता. गाणं देतो, पण बदल्यात माणसाच्या मनातून त्याची आईच पुसून टाकतो!

पोह्यांच्या बश्या घेऊन आले होते, ती दारातच थबकले. खोटं कशाला सांगू, काळजात चर्र झालं. नोकरी लागल्यापासून याचा फोन आठवड्यावर गेलेला. रागाच्या भरात बोलले, "देवाचा असा राक्षस करतात का रे?"

"आई, तू तर राक्षसाचा देव केलास," तो हसत म्हणाला.

माझी बोलतीच बंद! वेद चोरले म्हणून विष्णूने मत्स्यावतार घेऊन ज्याला मारलं तो शंखासुर, आणि आपल्या खेळ्यांतला संकासुर तोच. काळा पोशाख, उंच टोपी, कमरेला घुंगरू. पोरं त्याला भिऊन पळतात नि बायका त्यालाच नवस बोलतात. हा सव्वा वर्षाचा असताना ताप उतरेना, तेव्हा मीही बोलले होते. (डॉक्टरांचं औषध चालू होतंच हो!)

उलटंही आपण केलंय. लक्ष्मीची थोरली बहीण ज्येष्ठा. तमिळ मुलुखात सातव्या-आठव्या शतकातल्या तिच्या मूर्ती आहेत, पूजा व्हायची तिची. पुढे तीच अलक्ष्मी ठरली. आपल्याकडे उरला तो नुसता अक्काबाईचा फेरा. मुलगा म्हणाला, खेळातही तसंच आहे. कोरेलॉनच्या बायकोने कट केला म्हणून तिला हाकललं, ती लोल्थ नावाची कोळ्यांची राणी झाली. कोळी म्हणजे जाळं विणणारा; माझ्या डोळ्यांपुढे आधी मासळीची टोपलीच आली! पण दोन्हीकडे घालवलेली बाईच, बघा.

संध्याकाळी खेळे आले. मी नारळ दिला. मुलगा न सांगता संकासुराच्या पाया पडला.

रात्री भांडी आवरताना विचारलं, "त्या माणसाला शेवटी आई आठवते का रे?"

"अजून ठरवलं नाही," म्हणाला. "पुढचा डाव झाला की फोन करून सांगतो."