तीन भाषा, दोन पेपर

निपाणीची माझी एक मैत्रीण मुलीला घरीच शिकवते. कोणालाही सांगा, पहिला प्रश्न ठरलेला : "मग दहावीचं काय?"

दहावी आहेच हो! कर्नाटकात एसएसएलसीला बाहेरून बसता येतं. पलीकडे महाराष्ट्रात '१७ नंबरचा फॉर्म' सगळ्यांच्या ओळखीचा. हिने मात्र राष्ट्रीय मुक्त विद्यालय निवडलं. १४ वर्षं पूर्ण झाली की नाव घालता येतं, पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेला बसायची मुभा, सुटलेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. घरी आपल्या गतीने शिकणाऱ्या पोरीला हे मला फार बरं वाटलं.

घोडं अडलं ते भाषेवर. विषय पाच, त्यांत भाषा जास्तीत जास्त दोन. निपाणीत घरात मराठी, बाजारात आणि कचेरीत कन्नड, आणि पुढच्या कॉलेजसाठी इंग्रजी. २०१५च्या कायद्याने कर्नाटकातल्या शाळांत कन्नड शिकवावंच लागतं. इथे तशी सक्ती नाही. त्यामुळे कन्नड टाळायलाच मुलीला घरी ठेवली, असं शेजारणींनी परस्पर ठरवून टाकलं. मुलगी मात्र भाजीवालीशी कन्नडमध्ये भाव करते!

आजोबा म्हणतात, मराठी सोडायची नाही, त्यासाठी सीमालढ्यात तुरुंग पाहिलाय. आई म्हणते इंग्रजी. मुलीला हवी कन्नड, कारण मैत्रिणी कन्नड. कोकणी-मराठी-इंग्रजीच्या ओढाताणीत वाढलेल्या आपणा गोंयकारांना हे वेगळं सांगायला नको. मी आजोबांची नात कन्नडमध्ये पास झालेली बघायला उत्सुक आहे. फॉर्मवर मराठी लिहून झालंय. दुसऱ्या भाषेची जागा अजून कोरी आहे.