शरावतीच्या कांठीं

लग्नास सोळा वर्षें झालीं, पण दोघांनींच प्रवास करण्याचा प्रसंग कधीं आला नव्हता. यंदा वैशाखांत पुण्याचा उन्हाळा असह्य झाला, तेव्हां घरच्या वडीलमंडळींनींच आग्रह केला आणि आम्ही उभयतां कोंकण रेल्वेनें होन्नावरास गेलों. समुद्रकांठीं घाम सुटतोच. परंतु तिसऱ्या प्रहरीं खारा वारा वाहूं लागला कीं अंगणांतून उठवत नाहीं.

येथेंच शरावती सागरास मिळते. नदीच्या कांठानें वर गेलें म्हणजे गिरसप्पा लागतें. सोळाव्या शतकांत येथें राणी चेन्नभैरादेवीचें राज्य होतें. पोर्तुगीज तिला ‘मिऱ्यांची राणी’ म्हणत. त्या वैभवापैकीं चारी दिशांस दारें असलेली चतुर्मुख बसदी आज रानांत उभी आहे. तेथें आम्ही बराच वेळ निमूट बसलों. घरच्या गर्दींत असें बसणें कोठचें!

घाट चढून जोगास पोंचलों. वडिलांच्या पिढीनें वाखाणलेला गिरसप्पाचा धबधबा तो हाच, ८३० फूट उंचीचा. मात्र १९६४ सालीं लिंगनमक्कीचें धरण पुरें झालें. शरावतीचें पाणी आतां विजेसाठीं अडविलें जातें. राजा, राणी वगैरे चार धारांच्या जागीं मे महिन्यांत कड्यावर पांढऱ्या रेघा तेवढ्या दिसतात. शेजारचे एक गृहस्थ फसवणूक झाल्यासारखे रागावले. आम्हांस तो उघडा कडाच भव्य वाटला. बोचलीं तीं धरणाच्या पाण्याखालीं गेलेलीं गांवें. ज्यांस पाणीच पाहावयाचें असेल त्यांनीं श्रावणांत जावें, आणि छत्री विसरूं नये.